लस दिली, पण दाण्याचे काय?

‘लस तर वेळेवर दिली होती, मग मानमोडी आलीच कशी?’ परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या गृहिणीचा हा नेहमीचा प्रश्न. दोष साहजिकच लशीला दिला जातो. कधी तो खराही असतो. लस उन्हात राहिली, बर्फ वितळला, की तिच्यातील जिवंत विषाणू निकामी होतो. पण जिथे लस अगदी नियमाने दिली गेली, तिथेही ती अपुरी पडू शकते. अशा वेळी दाण्याच्या डब्यात डोकावून पाहावे.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्याची प्रथम नोंद झाली. त्यानंतर लवकरच तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेतला आढळला आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. हिरवी हगवण, धाप, वाकडी झालेली मान ही त्याची लक्षणे. त्यावर औषध नाही, म्हणूनच लशीला महत्त्व.

परंतु लस म्हणजे आयते संरक्षण नव्हे. ती शरीराला शत्रूची फक्त ओळख करून देते. लढणारी प्रतिपिंडे शरीराने स्वतःच तयार करायची असतात. ही प्रतिपिंडे म्हणजे प्रथिने, आणि प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. ही आम्ले माळेतल्या मण्यांसारखी असतात. हवा तो मणी संपला की पुढची माळ ओवता येत नाही.

मका, तांदळाची कणी, शिळी भाकरी यांनी कोंबडीचे पोट भरते, पण मणी पुरत नाहीत. मक्यात लायसिन कमी, तर सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी. आर्जिनिन हे आम्ल माणसाचे शरीर काही प्रमाणात तयार करते, कोंबडीला मात्र ते दाण्यातूनच मिळावे लागते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे-मुंग्या टिपून उणीव थोडीफार भरून काढते. कोंडलेली काय करणार?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७१ मध्ये याच रोगाचा विषाणू दिलेल्या पिलांच्या खाद्यात थ्रिओनिन वाढवले, तेव्हा प्रतिपिंडे वाढलेली आढळली. १९८७ मध्ये तिथल्याच प्रयोगात मेथिओनिनमुळे प्रतिकारशक्ती सुधारल्याचे दिसून आले.

म्हणून बाजारातून पूड आणून पसाभर मिसळावी काय? मुळीच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये ब्रॉयलर पिलांसाठी सुचवलेले प्रमाण पाहा. पहिल्या तीन आठवड्यांत १०० किलो खाद्यात मेथिओनिन एकूण अर्धा किलो, आणि त्यात धान्य-पेंडीतले आधीच धरलेले! जादा मेथिओनिन पिलांची वाढ खुंटवते. लायसिन जादा झाले तर आर्जिनिनची गरज वाढते. एकाचे लाड केले की दुसऱ्याची उपासमार होते.

घरगुती पालनासाठी उपाय सोपे आहेत. पिलांना पहिले काही आठवडे चांगल्या प्रतीचे तयार खाद्य द्या. पुढे नुसत्या कणीऐवजी मक्याबरोबर सोयाबीनची पेंड आणि थोडी सुक्या मासळीची भुकटी द्या. भुईमुगाची पेंड बुरशी लागलेली असेल तर फेकून द्या. त्या बुरशीचे विष प्रतिकारशक्तीच खच्ची करते आणि दिलेली लस वाया जाते. अमिनो आम्लांची पूड द्यायचीच असेल, तर पशुवैद्यकाला विचारूनच.

आणि चांगला दाणा देतो म्हणून लस टाळू नका. शत्रूची ओळखच नसेल तर भरल्या पोटाची कोंबडीही मानमोडीला बळी पडते. लशीची तारीख जशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवता, तसाच त्या दिवसांतला दाणाही आधीच ठरवून ठेवा.