जळालेला सबवूफर : नवा विकण्याआधी तपासा

मोटारीत कंपनीने बसवलेला सबवूफर घरघरू लागला की आपले बहुतेक दुकानदार बंधू सरळ नवा विकतात. नफा त्यातच दिसतो, पण कारागिराची मजुरी तिथेच बुडते. आधी तारा सोडवून मीटर लावावा. ४ ओहमची कॉइल शाबूत असेल तर तो साधारण ३ ते ४ ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटली. पुष्कळदा कॉइल ठीक असते, कोनच्या कडेचा फोम तेवढा कुजलेला असतो. तो नवा चिकटवला की काम झाले. जळालेली कॉइलही बदलता येते. मात्र चुंबकाच्या फटीतली काजळी काढून ती बरोबर मध्यावर बसवणे हे हाताचे कसब आहे. त्याचे पैसे मागायला लाजू कशाला? चुंबकच सरकले असेल तर भानगडीत पडू नये.

बदलायचाच झाला तर नुसते इंच मोजून भागत नाही. कंपनीचे काही सबवूफर २ ओहमचे असतात. तिथे ४ चा लावला की आवाज दबतो. उलट केले तर ॲम्प्लिफायर तापतो. आणि ॲम्प्लिफायरच बिघडून डीसी सोडत असेल तर नवाही जळणार, गिऱ्हाईक भांडायला पुन्हा आपल्याच दारात.