नारायणीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही

वैकम मुहम्मद बशीर यांची ‘मतिलुकळ’ ही एका बैठकीत संपणारी छोटी कादंबरी. मतिलुकळ म्हणजे भिंती. १९६० च्या दशकात ती मल्याळममध्ये आली. १९९० मध्ये अडूर गोपालकृष्णन यांनी तिच्यावर सिनेमा केला. मम्मूटीला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, त्यात या सिनेमाचाही वाटा होता. केरळात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. आपल्याकडे ती सिनेमामुळे आणि इंग्रजी-हिंदी अनुवादांमुळे हळूहळू पोचते आहे. आमच्या वाचनगटातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींनी ती अलीकडे वाचली. त्यांच्या प्रतिक्रिया ऐकल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. कादंबरीतल्या नायकाचं नावही बशीरच. तो लेखक आहे, सरकारविरोधी लिखाणासाठी तिरुवनंतपुरमच्या मध्यवर्ती तुरुंगात आलेला. (खरे बशीरही १९४० च्या दशकात, दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या काळात याच तुरुंगात होते. त्याआधी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातही ते जेलमध्ये गेले होते.) आत तो गुलाब लावतो, वॉर्डरांशी गप्पा मारतो, चहा करतो. मग बाकीचे राजकीय कैदी सुटतात आणि हा एकटा मागे राहतो. एक दिवस उंच भिंतीपलीकडून, बायकांच्या तुरुंगातून एक आवाज येतो. ती नारायणी. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. ती भिंतीपाशी आली की एक सुकी काटकी हवेत उंच फेकते, म्हणजे याला कळावं. हा तिला गुलाबाचं रोप भिंतीवरून टाकतो. दोघं जेलच्या दवाखान्यात भेटायचं ठरवतात. आणि नेमकं भेटीच्या आधीच बशीरच्या सुटकेचा हुकूम येतो. त्याला आता सुटका नको आहे, पण विचारतो कोण? हातात गुलाब घेऊन तो दरवाजाबाहेर उभा राहतो आणि गोष्ट संपते.

आमच्या गटात जवळजवळ सगळेच हेलावले होते. एका मुलाने सांगितलं की शेवट वाचून तो कॉलेजच्या बसमध्येच रडला. एका मुलीला जाणून घ्यायचं होतं की नारायणी खरी होती का. एकजण म्हणाला, आज ही गोष्ट लिहिली असती तर मुसलमान लेखकाने नायिकेचं नाव नारायणी ठेवायची हिंमत केली असती का? प्रश्न चांगला आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. एकाला सिनेमातला आवाज आवडला नाही. अडूरनी नारायणी पडद्यावर एकदाही दाखवली नाही, फक्त केपीएसी ललिता यांचा आवाज वापरला. तो आवाज ओळखीचा असल्याने मनातली नारायणी मोडते, अशी तक्रार केरळातही झाली होती. मला स्वतःला तो आवाज आवडतो. त्यात थोडा खोडकरपणा आहे, आणि तो नसता तर नारायणी नुसती दुःखी बाई होऊन बसली असती.

पण चर्चा दीड तास चालली आणि सगळी बशीरभोवतीच फिरत राहिली. त्याचं प्रेम, त्याची ताटातूट, तो बाहेर जाऊन काय करेल. मी विचारलं, ‘आणि नारायणी?’ थोडा वेळ शांतता. मग एकजण म्हणाला, ‘तिने तर खून केला होता ना?’

बशीर हे लपवत नाहीत. नारायणी खुनाच्या गुन्ह्यात लांबची शिक्षा भोगते आहे. ती निर्दोष असल्याचा पुरावा शेवटी निघत नाही. खरा खुनी कोणी दुसराच होता, असंही होत नाही. लेखक तिची केस आपल्यासमोर चालवतच नाही. ती आपल्याला आवडते ती तिच्या बोलण्यामुळे, तिच्या हट्टामुळे, त्या काटकीमुळे. हा सगळ्यात अवघड भाग बशीरनी इतक्या सहज केला आहे की वाचताना तो लक्षातही येत नाही. आपण एका दोषी बाईवर जीव लावतो आणि पुस्तक मिटल्यावर तिला तिथेच सोडून येतो, कारण गुलाब आता बशीरच्या हातात आहे.

एका मुलीने मात्र मला अडवलं. ती म्हणाली, ‘आणि जो मेला त्याचं काय? त्याच्या आईला ही गोष्ट वाचायला दिली तर ती रडेल का?’ माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न हा होता. मेलेल्या माणसाचं नाव आपल्याला कादंबरीत कळतसुद्धा नाही, आणि त्याच्या आईने नारायणीसाठी रडावं असं मी कुणाला सांगणार नाही. तिच्या बाजूने जे करायचं ते कोर्टाने केलं, शिक्षा दिली. प्रश्न त्यानंतरचा आहे. शिक्षा झालेल्या माणसाशी आपलं, म्हणजे मोहल्ल्याचं, जमातीचं, नातेवाइकांचं काही नातं उरतं की नाही?

आपल्या समाजात तुरुंगाबद्दलची पुस्तकं वाचली जातात, पण ती जवळपास सगळी बेगुनाहांची आहेत. त्याला कारण आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षं आत राहून २०१५ मध्ये निर्दोष सुटले आणि त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ लिहिलं. त्याच खटल्यात दोषी ठरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं. त्यांतला एकजण निकालाच्या काही वर्षं आधी तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आहे. ही पुस्तकं, हे निकाल प्रत्येक तरुणाने वाचलेच पाहिजेत. या लोकांसाठी वर्षानुवर्षं लढणारे वकील आणि कार्यकर्ते नसते तर आपल्याला काहीच कळलं नसतं.

पण या वाचनाने एक सवय लागली आहे, आणि ती मला बरी वाटत नाही. कैद्याबद्दल बोलायचं तर आधी ‘बेकसूर’ हा शब्द लागतो. तो लावता आला तर सभा होते, वर्गणी जमते, स्टेटस ठेवले जातात. लावता आला नाही तर कुजबुज होते. माझ्या ओळखीची एक बाई आहे. तिचा मुलगा मोबाईलचोरीच्या केसमध्ये आत आहे. चोरी त्याने केली, हे ती स्वतः सांगते. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. कोर्टाने ऐपतीचा दाखला मागितला. तिच्या नात्यात ज्यांच्या नावावर घर आहे अशा दोघांनी नकार दिला. मोहल्ल्यातल्या एका कमिटीकडे ती गेली तेव्हा तिला विचारण्यात आलं, पोरगा खरंच निर्दोष आहे का? ती खोटं बोलली नाही. तिला परत पाठवलं. तिचा मुलगा आजही आत आहे, आणि मुलाकातीच्या दिवशी ती एकटीच जाते.

ती खोटं बोलली असती तर कदाचित मदत मिळाली असती. मदतीसाठी आईला खोटं बोलावं लागत असेल, तर आपण निर्दोषांच्या बाजूने आहोत असं म्हणायलाही जीभ अडखळली पाहिजे. शिवाय कोण निर्दोष हे ठरवणार कोण? भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी. त्यांचा खटला संपलेलाच नाही, कायद्याने ते निर्दोषच आहेत. यात मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या १४.२ टक्क्यांपेक्षा जास्त आहे, आणि दलित व आदिवासींचंही त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त. यांतले बहुतेक दहशतवादाच्या केसमधले नाहीत. चोरी, मारामारी, नशा, घरगुती भांडणं, अशा साध्या कलमांखाली आलेले गरीब लोक आहेत. कुणी केलं असेल, कुणी नसेल. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही.

बायकांचं तर विचारूच नका. एकूण कैद्यांत त्या चार टक्क्यांच्या आसपास. नवरा आत गेला तर बायको डबा घेऊन जेलच्या दारात उभी असते. बायको आत गेली तर किती नवरे उभे असतात, हे भायखळ्याच्या महिला तुरुंगाबाहेर मुलाकातीच्या दिवशी थांबून बघा. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहू शकतात. सातव्या वर्षी ते मूल कुठे जातं, हे आपण मोहल्ल्यात कधी विचारलं आहे? कादंबरीतल्या नारायणीला भेटायला कुणी आलं, असं बशीरनी कुठे लिहिलेलं मला आठवत नाही. भिंतीपलीकडे एक अनोळखी पुरुष आहे, एवढ्यावर ती जगत होती. सुटकेचा हुकूम आला तेव्हा तो पुरुषही गेला, आणि ठरलेल्या दिवशी ती दवाखान्यात गेली असेल. हा प्रसंग पुस्तकात नाही. वाचकाने तो स्वतः डोळ्यांसमोर आणला पाहिजे, आणि तेवढं आपण करत नाही.

गटातल्या एका मुलाने यावर सूरह अद्-दहरची आठवण काढली. तिथे ज्यांना जेवू घालायचं त्यांत मिसकीन आणि यतीम यांच्या जोडीला असीर, म्हणजे कैदी आहे. आणि तो निर्दोष असावा अशी अट नाही. अनेक मुफस्सिर तर त्याचा अर्थ लढाईत पकडलेला शत्रूपक्षाचा माणूस असाच घेतात. मी फार धार्मिक दाखले देणाऱ्यांतली नाही, पण त्या कमिटीतल्या लोकांना हे पाठ असणार.

‘मग करायचं काय, आपण तर विद्यार्थी,’ असंही कुणीतरी म्हणालंच. पैसे लागतात ते खरं, पण त्याआधी माहिती लागते आणि ती तुमच्या फोनमध्ये आहे. अटकेत असलेल्या कुणालाही, आणि बाई असेल तर अटकेत नसतानाही, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ हेच सांगतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, याआधी कधी शिक्षा न झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल, तर त्याला सोडायला हवं. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर अडचण येते. पण साध्या चोरीत अडकलेल्या मुलाला हे लागू पडू शकतं. जेल अधीक्षकाने स्वतःहून कोर्टाला कळवायचं असतं. ते कळवलं का, हे विचारायला घरचं कुणीतरी लागतं. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्या गरीब कच्च्या कैद्यासाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे; सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा ४० हजार रुपयांची होती. त्या बाईला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गटातल्या दोघी आता तिच्याबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाणार आहेत. आधार कार्ड, रेशनकार्ड, जामिनाच्या हुकुमाची प्रत आणि अटकेची तारीख, एवढं सोबत घ्यायला सांगितलं आहे. मुलाने चोरी केली होती का, असं तिथे कुणी विचारलं तर ती खरं तेच सांगेल.