जखमांचे मोजमाप कशासाठी?

इजा-तीव्रता गुणांक रुग्णाच्या खाटेपाशी निरुपयोगी असल्याचा मागील अंकातील पत्राचा आक्षेप त्या गुणांकाचा हेतूच चुकीचा धरतो. सुझन बेकर व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत सर्वाधिक जखमी अशा तीन शरीरभागांतील प्रत्येकी सर्वांत गंभीर जखमेच्या श्रेणीचा वर्ग करून बेरीज करतात. ती कमाल ७५ असते आणि १५ च्या वर गेल्यास इजा गंभीर मानली जाते. सर्व निदान झाल्यावरच ती काढता येत असल्याने तातडीचे निर्णय रक्तदाब, श्वसन व शुद्धीची पातळी पाहूनच घ्यावे लागतात, हे मान्यच आहे. परंतु सारख्याच गुणांकाचे रुग्ण एका रुग्णालयात वाचतात आणि दुसऱ्यात दगावतात, हे अशा नोंदींशिवाय उघडच होणार नाही आणि टाळता येण्याजोगे मृत्यू नशिबाच्या खाती जमा होत राहतील. एकाच भागातील दुसरी जखम वगळली जाण्याचा दोष मात्र खरा असून त्यासाठीच १९९७ मध्ये नवा गुणांक मांडला गेला.