सही न करणारा विजेता



आफ्रिकेतील कॅमेरून देशात बाटिए नावाचे गाव आहे. तेथे १९८६ साली फ्रान्सिस एन्गानू जन्मला. आईवडील विभक्त झालेले, घरात कमालीचे दारिद्र्य. वह्या-पेनालाही पैसे नसत. खेळण्याच्या वयातच तो वाळूच्या खाणीत फावडे मारू लागला.

मुष्टियोद्धा होण्याची जिद्द धरून त्याने २०१२ मध्ये देश सोडला. सहाराचे वाळवंट आणि समुद्र ओलांडून तो २०१३ मध्ये स्पेनला पोचला. तेथे दोन महिने कोठडी भोगली. पुढे पॅरिसमध्ये गाड्या लावण्याच्या जागेत रात्री काढल्या. तेथील प्रशिक्षकाने त्याला मुष्टियुद्ध, कुस्ती, लाथा असे सारे डावपेच चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्स या खेळाकडे वळवले.

जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचने त्याला हरवले. तो खचला नाही. २७ मार्च २०२१ रोजी त्याच मिओचिचला दुसऱ्या फेरीत लोळवून तो यूएफसी या बड्या कंपनीचा हेवीवेट विजेता झाला!

पण त्याची खरी लढाई पुढेच होती. नवा करार समोर आला तेव्हा त्याने मागितले काय? खेळाडूंना आरोग्यविमा, स्वतःचे प्रायोजक निवडण्याची मुभा आणि कंपनीच्या बैठकीत खेळाडूंची बाजू मांडणारा माणूस. कंपनीने ऐकले नाही. त्यानेही सही केली नाही. जानेवारी २०२३ मध्ये विजेतेपद गेले. अनेकांनी त्याला वेड्यात काढले.

मे २०२३ मध्ये त्याने पीएफएल या दुसऱ्या संस्थेशी करार केला. त्यात आपल्या प्रतिस्पर्ध्यालाही किमान २० लाख डॉलर मिळावेत, अशी अट घातली. समोर ठोसे मारायला उभा राहणार, त्याच्याही पोटाचा विचार! एप्रिल २०२४ मध्ये त्याचा तान्हा मुलगा गेला. ते दुःख उरात घेऊन ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा उतरला आणि पहिल्याच फेरीत जिंकला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कष्टकऱ्याला दया नको, कायद्याने हक्क हवा, ही शिकवण आपल्याला त्यांच्याकडून मिळाली. खाणीतल्या या मजुराने तीच वाट धरली.

आपली मुले त्याचे ठोसे आवडीने पाहतील, जरूर पाहू द्या. पण सही करण्याआधी कागद वाचावा आणि मागताना शेजारच्या कामगारासाठीही मागावे, हे त्यांना आवर्जून सांगा. पट्टा आज आहे, उद्या नाही. स्वाभिमान मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही.