सामायिकात हाक मारत नाही, मग धावताना का मारता?



जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की आमच्या नाहूरमध्येही मॅरेथॉनचा ताप चढतो. सोसायटीच्या ग्रुपवर बुटांच्या किमती, घड्याळांचे फोटो, पहाटे चारला उठण्याच्या शपथा. मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि तिच्यामुळे या शहरात धावण्याची गोडी वाढली, हे मलाही मान्य आहे. पण त्या फोटोंच्या खाली दरवर्षी एक वाक्य येतंच: "मनात असेल तर वेळ निघतो, बायका उगाच कारणं देतात." आज मला या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी आकडे बघा. 2024 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण सुमारे 42 टक्के, तर स्त्रियांचं सुमारे 57 टक्के आहे. हा मधला फरक आळसाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी साडेपाच ते साडेआठ कुठल्याही घरच्या स्वयंपाकघरात उभं राहून दाखवावं. डबे, दूध, पाणी गाळणं, सासऱ्यांचा चहा, मुलाचा हरवलेला मोजा. घरातला पुरुष बूट घालून निघतो तेव्हा कोणालाच विचारत नाही. बाई निघते तेव्हा आधी चार जणांची सोय लावते, आणि तरी जिन्यात असतानाच फोन वाजतो: "अगं, साखर कुठे आहे?"

यावर ठरलेलं उत्तर असतं: "घरकाम हाच बायकांचा व्यायाम." घरकाम हालचालीत धरतात, नाही असं नाही. लादी पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलणं याचा उपयोग होतोच. पण ओट्यापाशी तीन तास उभं राहिल्यानं कंबर धरते, दम वाढत नाही. पुलाचा जिना चढताना धाप लागणारी बाई दिवसभर कामच करत असते ना? आणि घरकाम इतकं गुणकारी असेल, तर मधुमेह असलेल्या प्रत्येक पुरुषाला डॉक्टरांनी भांडी घासायला का बसवू नये?

मैत्रिणींनो, खरा मुद्दा असा आहे. आपल्या घरांत बाईची 48 मिनिटं तिची म्हणून मानायची सवय आधीपासून आहे. मुहपत्ती बांधून, आसन घालून ती सामायिकात बसली की तिला कोणी हाक मारत नाही. दाराची बेल वाजली तर दुसरं कोणी उठतं. दूध उतू गेलं तर गॅस दुसरं कोणी बंद करतं, आणि आश्चर्य म्हणजे साखरही सापडते! म्हणजे घर तिच्यावाचून 48 मिनिटं चालू शकतं, हे सिद्धच झालेलं आहे. धावणं ही धर्मक्रिया आहे असं मी म्हणत नाही. पण जे घर आत्म्यासाठी 48 मिनिटं देतं, त्याला या देहासाठी 25 मिनिटं जड का जावीत? तपश्चर्या याच देहानं करायची आहे ना?

आणि 25 मिनिटं हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. धावणं जोराच्या व्यायामात येतं. तीन दिवस, प्रत्येकी 25 मिनिटं, झाले की 75! नव्यानं सुरू करणारीनं एक मिनिट धावावं, दोन मिनिटं चालावं. शेजारणीशी तुटक का होईना बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. छातीत दुखत असेल, गुडघ्याचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. रोज दहा हजार पावलांचा धसका तर सोडूनच द्या. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. 2019 साली अमेरिकेतल्या सुमारे 16,700 वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फारसा फरक उरला नाही.

आपल्याला हे कळायला हवं, कारण महाव्रत साधू-साध्वींचं आणि अणुव्रत श्रावक-श्राविकांचं, हा भेद आपण लहानपणापासून ऐकतो. पच्चक्खाण घेताना आपण पेलेल तेवढंच घेतो, आणि घेतलेलं पाळतो. मग व्यायामाच्या बाबतीतच एकदम 42 किलोमीटरचं महाव्रत कशाला?

बारामतीच्या लता करे यांचा व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. साठी ओलांडलेल्या बाई, नऊवारी, अनवाणी पाय, आणि शर्यत जिंकली. खाली लिहिलेलं असतं, "हिला जमतं, तुम्हाला का नाही?" पण त्या हौसेनं धावल्या नव्हत्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून बक्षिसासाठी धावल्या. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण एका बाईची लाचारी दुसऱ्या बाईला टोमणा मारायला वापरणं मला पटत नाही.

आता आपल्या घरातल्या दोन शंका. "धावताना जीव चिरडतात." ईर्यासमिती साधूंसाठी आहे, तरी जयणा आपणही पाळायचीच. म्हणून गवत आणि चिखल टाळायचा, चातुर्मासात पावसाळी किडे दिसले की कंपाउंडच्या फरशीवर नीट बघून चालायचं, किंवा घरातच उठाबशा काढायच्या. दुसरी शंका पाण्याची. चौविहार करणारीनं संध्याकाळी उशिरा धावू नये, नंतर पाणी पिता येत नाही. नवकारसी करणारीनं ती पारल्यावर पाणी पिऊन निघावं. उपवासाच्या दिवशी धावायचंच नाही. पावडरी आणि कॅप्सूलही लागत नाहीत, कित्येक कॅप्सूलचं कवच जिलेटीनचं असतं. मूग, दही, शेंगदाणे पुरे.

राहिला रस्ता. नाहूरमध्ये एका बाजूला लालबहादूर शास्त्री मार्ग, दुसरीकडे पूर्व द्रुतगती महामार्ग, मध्ये रेल्वे आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. कुठे धूळ, कुठे फुटपाथवर लावलेल्या गाड्या. अंधारात एकटीनं तिथे धावा, असं मी कोणाच्या लेकीसुनेला सांगणार नाही. म्हणूनच पहाटे चारचा सल्ला मला नको. मला आठ ते साडेआठची वेळ हवी, उजेडाची, सोसायटीच्या आवारातली. नेमकी तीच वेळ घर सोडायला तयार नसतं.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, 25 मिनिटं, फोन घरी. डब्याचं झाकण कोण लावेल, बेल कोण बघेल, हे आदल्या रात्री ठरवा. सासूबाईंनो, तुम्ही सुनेच्या सामायिकाची राखण करता, तशी याचीही करा. आणि अहो मंडळी, साखर डाव्या हाताच्या वरच्या कप्प्यात आहे.