अंकांचा डोंगर

मोठी संख्या फळ्यावर आली की वर्गातली निम्मी मुले मान खाली घालतात. घरी विचारावे तर आई-बाप म्हणतात, "आम्हाला काय कळते त्यातले, बाईंना विचार." पुढे दहावीला गणितच पोरांना अडवते. म्हणून या आठवड्यात आम्ही मुद्दामच एक अवाढव्य संख्या घेतली आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. जुन्या मोजणीत परार्धाच्या एकच घर अलीकडची.

ही कोठून आली? वहीत नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली, साऱ्या एकांच्याच. आता उभ्या रकान्यांची बेरीज करा. कडेला एक, मग दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि तेथून पुन्हा उतार. कोठेही हातचा नाही. पाढे पाठ नसलेल्या मुलालाही हे जमते.

म्हणजे ही पूर्ण वर्ग संख्या झाली. उलटी वाचली तरी तीच. ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्यांपासून ती बनते. हिला ४५ विभाजक आहेत. विभाजक नेहमी जोडीने येतात, मग ४५ हा विषम आकडा कसा? वर्गमुळाची जोडी त्याच्याशीच लागते, म्हणून एक एकटा उरतो. हे प्रत्येक वर्ग संख्येत घडते. ९ घ्या : १, ३, ९. मुलांकडून १६ वर करून घ्या, पटकन पटेल.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्म, १९२९ साली बी.एस्सी., आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. संशोधनाची पदवी नाही. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचे एक स्टेशन, आजचे डोंबिवली. तेथेच ही कल्पना सुचली असे सांगतात. लोकलमध्ये रोज उभे राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे ऐकून बरे वाटेल! आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी त्यांचे काम खेळ म्हणून सोडून दिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिले, तेव्हा जगाला हे मास्तर कळले.

कापरेकरांची खूण अशी : मधला ९ झाका. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज करा. ९९९९९९९९ येते, म्हणजे झाकलेल्या अंकाचीच रांग. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३.

आता एक जास्त एक घ्या, दहा एक. त्यांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला, आणि डोंगराचा माथा खचला. चढावरचा आठ कोठे गेला, ते मुलांना शोधू द्या.