डेटा उडालेला नाही, ड्रायव्हर नाहीये!

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि मध्ये थोडा तांत्रिक भाग आहे. पण ज्यांचे पैसे पतसंस्थेत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत (नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय) जुन्या सभासदांना सध्या एकच उत्तर मिळतं: "सर्व्हर गेला, जुना डेटा उडाला." कुणाला २००३ सालच्या ठेवीचा उतारा हवाय, कुणाला वारलेल्या वडिलांच्या शेअर्सची नोंद. सगळ्यांना हात हलवत परत पाठवलं जातंय. आणि संचालक मंडळापुढे काय आलंय? नवीन सर्व्हर आणि जुन्या मशीनवर 'फ्रेश इन्स्टॉल'चं कोटेशन.

एका सभासदाने मला त्या स्क्रीनचा फोटो पाठवला. मशीनवर एससीओ ओपनसर्व्हर ५ आहे, म्हणजे युनिक्स. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कितीतरी बँका आणि पतसंस्था यावरच चालायच्या. स्क्रीनवर लिहिलंय: पॅनिक, एसआरमाउंटफन, एरर ६, रूटडेव्ह १/४२.

एरर ६ चा युनिक्समधला अर्थ 'असं डिव्हाइस सापडत नाही' एवढाच. डेटा पुसला गेला असा नाही! उलट जरा विचार करा, ही ओळ छापली कुणी? युनिक्सच्या कर्नलने. तो कर्नल आला कुठून? त्याच डिस्कवरून. म्हणजे डिस्क फिरतेय आणि वाचलीही जातेय.

मग घोडं अडलं कुठे? मशीन सुरू होताना डिस्क वाचून देतो तो बायोस. कर्नल उभा राहिला की तो बायोसला बाजूला सारतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधतो. इथे जुनं स्कझी कार्ड जळालं म्हणून दुसऱ्या कंपनीचं बसवलंय. कर्नलमध्ये ड्रायव्हर मात्र जुन्याच कार्डाचा. त्याला डिस्क दिसणार कशी? कुलूप बदललं आणि किल्ली जुनीच, असा प्रकार.

यावर उपाय आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे त्याच मॉडेलचं जुनं कार्ड शोधा. लॅमिंग्टन रोडला, तपकीर गल्लीत विचारा, जुन्या मालवाल्यांकडे बघा. नाहीच मिळालं तर नव्या कार्डाची ड्रायव्हर फ्लॉपी घ्या, बूटच्या ओळीवर 'लिंक' आणि ड्रायव्हरचं नाव द्या, डिस्क कुठल्या आयडीवर आहे तेही तिथेच सांगता येतं. आत शिरलात की 'एमस्कझी' नावाच्या फाइलमधली नोंद दुरुस्त करा आणि कर्नल पुन्हा लिंक करा. पण हे सगळं करण्याआधी डिस्कची हुबेहूब प्रत काढा. आणि हो, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर आहेत ना, तेही बघा. निम्मी भुतं तिथेच असतात.

'फ्रेश इन्स्टॉल' केलं तर मात्र जुन्या नोंदींवरच नवीन सिस्टिम लिहिली जाईल. आज जो डेटा शाबूत आहे तो त्या दिवशी खरोखर उडेल, आणि त्याचं बिलही सभासदांच्याच पैशातून जाईल.

तंत्रज्ञाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. त्या पोराचा जन्म ही सिस्टिम आली त्यानंतरचा असेल. प्रश्न संचालकांना आहे. दरवर्षी देखभालीच्या करारावर सह्या करताना इन्स्टॉलेशनची सीडी, लायसन्सचा कागद, ड्रायव्हर फ्लॉपी कुठे आहे असं एकदा तरी विचारलंत? बॅकअपची टेप कधी उलटी चालवून बघितली? एससीओ कंपनीने २००७ मध्येच दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता, २०११ मध्ये युनिक्सचा धंदा विकला गेला. जुन्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आणायला तेव्हापासून किती वर्षं मिळाली, मोजा. सभागृहाला एसी बसवायला बरा वेळ मिळाला!

सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. सभासदांनो, तिथे हे लेखी विचारा: कार्ड कुठलं होतं, कुठलं बसवलं, डिस्कची प्रत काढली का, 'डेटा उडाला' असं सही करून कोण लिहून देतंय? आणि तोवर ती डिस्क मशीनमधून काढून, पाकिटात सील करून, दोन सभासदांच्या सह्यांनिशी संस्थेच्या तिजोरीत ठेवा.